अत्याचारानंतर आरोपीची एचआयव्ही चाचणी : पीडितेची मागणी, कायदा आणि ७२ तास

लैंगिक अत्याचाराची घटना घडली की घरात आधी इज्जतीचा, पोलिसांचा, नातेवाइकांचा विचार होतो. औषधाचा विचार मागे पडतो. मग कधीतरी प्रश्न येतो, "त्या माणसाची एचआयव्ही चाचणी सक्तीने करता येत नाही का?" त्याबद्दलची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

दक्षिण आफ्रिकेचा कायदा

एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या या देशात जगात सर्वांत जास्त आहे. केपटाऊनमध्ये कोकणी मुस्लिम घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यामुळे हा देश आपल्याला अगदी परका नाही. तिथल्या विधी आयोगाने या प्रश्नावर स्वतंत्र अहवाल दिला आणि २००७ च्या लैंगिक गुन्हे कायद्यात तरतूद झाली. घटनेपासून ९० दिवसांच्या आत पीडित महिला, किंवा तिच्या वतीने जवळची व्यक्ती, मॅजिस्ट्रेटकडे आरोपीच्या चाचणीची मागणी करू शकते. निकाल गुप्त ठेवावा लागतो. तो बदनामीसाठी पसरवला तर शिक्षा आहे. याच कायद्यात, ७२ तासांच्या आत तक्रार देणाऱ्या किंवा ठरवलेल्या दवाखान्यात पोहोचणाऱ्या पीडितेला सरकारी खर्चाने प्रतिबंधक औषध मिळण्याचा हक्कही आहे.

पीडितांच्या मनातली दोन टोके

मागणीमागचे कारण साधे आहे. स्वतःचा निकाल पक्का कळेपर्यंतचा काळ जीव टांगणीला लावणारा असतो. २८ दिवसांच्या गोळ्यांनी मळमळ, थकवा येऊ शकतो. "त्याला आजार नाही एवढे कळले तरी झोप लागेल," असे वाटणे स्वाभाविक आहे.

दुसरीकडे भीतीही असते. अर्ज केला म्हणून आरोपी चिडेल का? बातमी मोहल्ल्यात फुटेल का? निकाल पॉझिटिव्ह आला तर तो नवा धक्का कसा सोसायचा? शिवाय गुन्हा अजून सिद्ध झालेला नसतो, त्यामुळे आरोपीच्या हक्कांचाही प्रश्न येतो.

वैद्यकीय अडचण सगळ्यात मोठी आहे. संसर्ग नवा असेल तर सुरुवातीचे काही आठवडे चाचणीत तो दिसत नाही. याला विंडो पीरियड म्हणतात. म्हणून आरोपीचा निगेटिव्ह निकाल म्हणजे पूर्ण खात्री नव्हे. आणि पॉझिटिव्ह आला म्हणजे तिला लागण झालीच, असेही नाही.

आपल्याकडे काय आहे?

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय कोणाचीही एचआयव्ही चाचणी होत नाही. पण खटल्यातील मुद्दा ठरवण्यासाठी गरज आहे असे न्यायालयाला वाटले, तर न्यायालय तसा आदेश देऊ शकते. बलात्काराच्या आरोपीची वैद्यकीय तपासणी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२ मध्ये आहे. कलम ३९७ नुसार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक दवाखान्याने पीडितेवर ताबडतोब आणि मोफत उपचार केलेच पाहिजेत. नकार देणे गुन्हा आहे.

घरच्यांनी काय करावे?

१. आरोपी सापडण्याची, कोर्टाच्या आदेशाची वाट बघू नका. प्रतिबंधक औषध, म्हणजे पेप, जितके लवकर तितके चांगले. ७२ तास ही शेवटची मर्यादा आहे.

२. जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या आणि "पेप हवे आहे" असे स्पष्ट सांगा. गोळ्या पूर्ण २८ दिवस घ्यायच्या असतात. डॉक्टरांना न विचारता मध्येच बंद करू नका.

३. तिची स्वतःची चाचणी सुरुवातीला आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा करून घ्या.

४. वय १८ च्या आत असेल तर पोक्सो कायदा लागतो. पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

५. मदतीसाठी : एचआयव्हीबाबत १०९७, महिला हेल्पलाइन १८१, पोलीस ११२.

आरोपीच्या चाचणीची मागणी करायची की नाही, हे तिला ठरवू द्या. तो निर्णय नंतरही घेता येतो. गोळीची वेळ मात्र एकदा गेली की परत येत नाही.