लिथियमचा वाद आणि एक संमतिपत्र

गेल्या दिवाळीच्या सुमारास इंदूरहून धाकट्या भावाचा दूरध्वनी आला. "दादा, तुझा जन्म कागद वाचण्यात गेला. आता माझाही एक वाच." दोन दिवसांनी टपालाने कागद आला. ते एका औषधचाचणीचे एकोणीस पानी संमतिपत्र होते. भावाला बायपोलर डिसऑर्डर आहे. पूर्वी ज्याला उन्माद-विषादाचा विकार म्हणत, तोच हा. गेली अनेक वर्षे तो लिथियम घेतो, नोकरी सांभाळतो, संसार करतो. चाचणी एका नव्या औषधाची होती. तिच्यात शिरण्यासाठी चालू औषध बंद करायचे आणि मग चिठ्ठी पडेल त्याप्रमाणे नवे औषध किंवा प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषधी गुण नसलेली गोळी, घ्यायची. खाली सहीची जागा रिकामी होती. (हे सारे त्याच्या परवानगीने लिहीत आहे.)

वैद्यकशास्त्र हा माझा विषय नव्हे. मी अर्थशास्त्र शिकलो आणि आयुष्य फायलींत काढले. तथापि त्या पानांत मला अडवणारा प्रश्न वैद्यकाचा नव्हताच. तुलना कशाशी केली आहे, हा तो प्रश्न. योजनांच्या मूल्यमापनात रोज भेटणारा. या आजारापुरता त्याचा निकाल लागण्यास वीस वर्षे गेली, आणि तो इतिहास माझ्या भावाच्या गोळीचाच इतिहास आहे.

जॉन केड हा ऑस्ट्रेलियन मनोविकारतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी येथे जपान्यांचा युद्धकैदी होता. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील रुग्णालयात त्याने गिनी पिगांवर प्रयोग सुरू केले. लिथियमचे क्षार टोचलेले प्राणी शांत पडून राहतात, असे त्याच्या ध्यानात आले. मार्च १९४८ मध्ये त्याने पाच वर्षे सतत उन्मादात असलेल्या एका एक्कावन्न वर्षांच्या रुग्णाला लिथियम देणे सुरू केले. काही महिन्यांत तो गृहस्थ घरी गेला. सप्टेंबर १९४९ मध्ये केडने दहा उन्मादग्रस्त रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ती हकीकत खरी होती, एवढेच तिच्याविषयी म्हणता येते. तो पहिला रुग्ण पुढे औषध सोडून पुन्हा आजारी पडला आणि १९५० साली लिथियमच्याच विषबाधेने दगावला. त्याच सुमारास अमेरिकेत मिठाऐवजी लिथियम क्लोराइड वापरणारे काही हृदयरोगी दगावले होते. औषधाला अवकळा आली. शिवाय ते साधे मूलद्रव्य. त्याचे पेटंट कोण घेणार? कंपन्यांना त्यात रस नव्हता.

ते डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांनी उचलले. १९५४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्मादाच्या रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. तीत काही रुग्णांना लिथियम द्यायचे की प्लासिबो, हे नाणे उडवून ठरवले होते. स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध ब्रिटिश चाचणी १९४८ ची. म्हणजे मनोविकारशास्त्राने ही रीत फार उशिरा घेतली असे नव्हे. पण शू यांचा पुढचा दावा मोठा होता. लिथियम चालू उन्माद उतरवते एवढेच नव्हे, तर पुढचे झटके येऊच देत नाही, असे त्यांचे म्हणणे. १९६७ साली पाउल बास्ट्रप आणि शू यांनी ८८ स्त्री रुग्णांचे आकडे मांडले. लिथियमपूर्वी सरासरी दर आठ महिन्यांनी झटका येई, लिथियम सुरू झाल्यावर साठ महिन्यांनी. वर्षातील तेरा आठवडे आजारात जात, ते दोनाहून कमी झाले. याहून बोलके कोष्टक कोणत्या मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात मला आढळलेले नाही.

आणि तरीही १९६८ साली लंडनच्या बॅरी ब्लॅकवेल आणि मायकेल शेफर्ड यांनी 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहून हा आणखी एक वैद्यकीय भ्रम आहे काय, असे विचारले. आक्षेप असा की, रुग्ण निवडले ते ज्यांना अलीकडे वारंवार झटके येत होते असे. हा आजार चढत-उतरत जातो. वाईट काळाच्या टोकाला निवडलेला माणूस पुढे काही न करताही थोडा सावरलेला दिसतो. शिवाय औषध कोणाला दिले हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते.

हा आक्षेप वाचताना मी थांबलो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका राज्यातील कृषियोजनेचे मूल्यमापन माझ्याकडे होते. योजनेसाठी तालुके निवडले होते ते आदल्या वर्षी पीक सर्वांत बुडालेले. वर्षभरात उत्पादन वाढले आणि मी अहवालात श्रेय योजनेला दिले. योजनेबाहेरच्या शेजारी तालुक्यांतही उत्पादन जवळपास तेवढेच वाढले होते. पाऊस बरा झाला होता. ते तालुके पाहावेत हे मला सुचलेही नाही. अहवाल मात्र वाखाणला गेला. असो.

शेफर्ड हे केवळ नकारघंटा वाजवणारे गृहस्थ नव्हते. आपल्या सर्पगंधेतून काढलेल्या रेसर्पिनची चिठ्ठ्या टाकून घेतलेली चाचणी त्यांनी १९५५ साली एका सहकाऱ्यासह प्रसिद्ध केली होती. (त्या वनस्पतीची रक्तदाबावरील कीर्ती जगभर पोहोचवली ती मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ च्या लेखाने.) उलट शू यांच्या भावाला वारंवार विषादाचे झटके येत आणि लिथियमने तो सावरला होता. शेफर्डना त्यांच्यात शास्त्रज्ञ नव्हे तर श्रद्धाळू दिसला. भाऊ बरा झालेला पाहिलेल्या माणसाने प्लासिबोचा गट कोणत्या तोंडाने करावा? त्या गटातील कोणी जीव दिला तर? मला या वादात दोघेही बरोबर वाटतात.

तोड निघाली ती अशी. किमान वर्षभर लिथियमवर असलेल्या ८४ स्त्रियांच्या साधर्म्य पाहून जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीत चिठ्ठीप्रमाणे एकीचे लिथियम चालू ठेवले, दुसरीला गुपचूप प्लासिबो. डॉक्टर आणि रुग्ण, कोणालाच ठाऊक नाही. हिशेब शेवटी न करता सतत होत होता आणि कौल पुरेसा स्पष्ट होताच चाचणी थांबायची होती. सहा महिन्यांच्या आत ती थांबली. प्लासिबोवरील ३९ पैकी २१ जणी पुन्हा आजारी पडल्या, लिथियमवरील ४५ पैकी एकही नाही. हे १९७० साली प्रसिद्ध झाले. १९७१ साली ब्रिटनमधील आणि १९७३ साली अमेरिकेतील चाचण्यांनी दुजोरा दिला.

पण एक गाठ उरली. १९९१ साली काही संशोधकांनी अशा चौदा अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा लिथियम थांबवल्यानंतरच्या नव्या झटक्यांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या दहा आठवड्यांतच आलेले दिसले. पुढे असेही दिसले की, हळूहळू कमी करत नेल्यास धोका उतरतो. म्हणजे प्लासिबोचा गट हा केवळ 'औषध नसलेला' गट नसतो. तो 'औषध काढून घेतलेला' गट असतो. तशा गटाशी तुलना केल्यास कोणतेही नवे औषध आहे त्याहून उजळ दिसू शकते. माझ्या भावाच्या हातात जो कागद होता, त्याचे मर्म हेच.

दुसरी बाजू न छापलेल्या चाचण्यांची. लॅमोट्रिजिन या औषधाची बायपोलर विषादावरील एक चाचणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. त्याच प्रश्नावरील आणखी चार चाचण्यांत निश्चित फरक दिसला नव्हता; त्यांची साद्यंत हकीकत २००८ साली आली. २००९ साली पाचही चाचण्यांतील १०७२ रुग्णांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा लाभ उरला, पण माफक. पाच फायलींपैकी एकच साहेबांसमोर ठेवली तर निर्णय कसा होईल, हे सांगायला नको. चाचणी सुरू होण्याआधीच तिची नोंद झाली पाहिजे, नाही तर निष्कर्ष छापणार नाही, असे प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी २००४ साली ठरवले ते यासाठीच. आपली नोंदवही, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, २० जुलै २००७ रोजी सुरू झाली. १५ जून २००९ पासून नोंद सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून आधी सुरू होऊन मागाहून नोंदवलेली चाचणी स्वीकारली जात नाही. ही नोंदवही कोणासही विनामूल्य पाहता येते. परदेशी वाचकांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या एकत्रित शोधपृष्ठावर पाहावे. 'बायपोलर' हा एकच शब्द घालून थांबू नये, 'मेनिया'ही घालावा.

भावाच्या चाचणीची नोंद सापडली. मी कोऱ्या कागदावर प्रश्न लिहून पाठवले. लिथियम किती आठवड्यांत उतरवणार? तुलना लिथियमशी का नाही? (२०१० च्या 'बॅलन्स' चाचणीत ३३० रुग्णांवर औषधाची तुलना औषधाशीच केली होती आणि उपयुक्त निष्कर्ष निघाला होता.) झटका आल्यास कोण, किती तासांत पाहणार? उपलब्ध असलेले प्रमाणित उपचार न देता प्लासिबो दिल्याने अपाय झाल्यास २०१९ च्या नियमांप्रमाणे भरपाई देय आहे. तो उल्लेख संमतिपत्राच्या कोणत्या पानावर आहे?

तेथील तरुण डॉक्टरांनी प्रश्नांना सरळ उत्तरे दिली, हे नमूद केले पाहिजे. लिथियम एका आठवड्यात बंद होणार होते. ज्यांना लिथियम लागू पडत नाही अशांसाठी ही चाचणी अधिक योग्य आहे, हेही त्यांनी आपणहून सांगितले.

भावाने सही केली नाही. त्याच फेरीत त्याने रक्तातील लिथियमचे प्रमाण, थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या मात्र करून घेतल्या; दोन वर्षे त्या राहून गेल्या होत्या.