खत कोणाच्या पेटीत?

आज बोलायचं आहे जुन्या काळाबद्दल, पण सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो.

गेल्या वर्षी आमच्या एका गटाच्या कर्जवहीच्या पानाचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. पाठवणारीच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला तो सचिवताईला पाठवायचा होता, बोट चुकलं. त्या पानावर एका बाईचे चार थकलेले हप्ते होते आणि शेजारी तिचा आधार नंबर. दिवेलागणीपर्यंत पारावर चर्चा सुरू झाली, तिच्या माहेरीही कळलं. पुढच्या तीन बैठकांना ती आली नाही. वही आमची, चूकही आमची.

यावर बैठकीत बोलणं चाललं होतं, तेव्हा आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, ‘‘पूर्वी सावकाराची वही सावकाराच्या घरात असायची, एवढं तरी ठाऊक होतं. आता आपली वही कोणाच्या घरात आहे?’’ लगेच उत्तर कोणालाच सुचलं नाही. म्हणून आम्ही मागे जाऊन शोधलं.

पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव. आज ते बारामती तालुक्यात येतं. १२ मे १८७५ रोजी तिथल्या बाजारात भोवतालचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. त्यांना हव्या होत्या सावकाराच्या वह्या आणि खतं. खत म्हणजे कर्जरोखा, आपण वावरात टाकतो ते नव्हे. जिथे सावकाराने खतं मुकाट्याने काढून दिली तिथे बहुतेक वेळा त्याला सोडून दिलं, जिथे नाही तिथे जाळपोळ झाली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत पसरलं, लष्कर आलं, शेकडो माणसांना अटक झाली. दख्खनचे दंगे म्हणून हे पुस्तकात येतं. जाळपोळीचं कौतुक करायला आम्ही इथे बसलेलो नाही. पण धान्य किंवा सोनंनाणं सोडून माणसं आधी कागदावर का धावली, ते समजून घ्यावं.

१८५९च्या मुदतीच्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षांची केली होती. व्याज वर्षानुवर्षं साचू नये, हा हेतू. सावकारांनी त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी नवं खत लिहायचं आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिसळायचं. कुणब्याला वाचता येत नव्हतं. तो नांगराची निशाणी करायचा किंवा अंगठा उठवायचा. वर काय लिहिलंय ते सावकार सांगेल तेच खरं, आणि कागद सावकाराच्याच पेटीत. पैसे फेडले तरी पावती मिळेलच असं नाही. तक्रार व्याजाची होतीच. पण आपल्याबद्दलचा कागद आपल्याला पाहताही येत नाही, हे त्याहून जास्त खुपत होतं.

चौकशीसाठी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. शेतकऱ्याचं खत गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हावं, पैसे भरले की लेखी पावती मिळावी, दरवर्षी हिशेब मिळावा, आणि मागितलं तर पासबुकही. आपल्या हातातल्या त्या छोट्या पुस्तकामागे हेसुद्धा आहे. सावकारी काही त्याने संपली नाही, पण आपल्या कर्जाचा कागद बघणं हा आपला हक्क आहे, एवढं कायद्यात लिहिलं गेलं.

अंगठ्याची गोष्ट वेगळी. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या अख्ख्या पंजाचा ठसा करारावर घेतला. पुढे त्याने ‘सही माझी नव्हे’ म्हणू नये म्हणून. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं, आणि ठशांचं वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी माणसांचा मोठा हात होता. जो अंगठा आपल्याकडे ‘अंगठाछाप’ म्हणून हिणवला गेला, तो आता पोलिसांसाठी ओळखीचा पुरावा झाला. सही बदलता येते, अंगठा बदलता येत नाही.

पुढची पायरी आपल्याच राज्यात पडली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार नंबर दिले गेले. पंतप्रधान आले होते. पहिला नंबर मिळाला एका आदिवासी बाईला. दहा बोटं, दोन डोळे, एक फोटो आणि बारा आकडे. सगळी नोंद सरकारच्या मध्यवर्ती संगणकात. आधारसाठी कायदा मात्र झाला २०१६ साली. तोवर नंबर घेणारे शंभर कोटींच्या घरात गेले होते. आधी अंगठा, मग नियम. सुप्याच्या माणसांना ही तऱ्हा ओळखीची वाटली असती.

न्यायालयात प्रश्न नेला तो के. एस. पुट्टस्वामी या कर्नाटकच्या निवृत्त न्यायाधीशांनी, २०१२ साली. तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं. सरकारतर्फे सांगण्यात आलं की खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, १९५४ आणि १९६२च्या निकालांत तसं म्हटलेलं आहे. त्यातला १९६२चा खटला पोलिसांनी रात्री-अपरात्री घराचं दार ठोठावण्याबद्दल होता. ते ठोठावणं न्यायालयाने थांबवलं होतं, पण खासगीपणाचा हक्क मानला नव्हता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की तो हक्क आहे आणि तो जगण्याच्या हक्कातच येतो. पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ रोजी, रेशन आणि अनुदानासाठी आधार चालेल, पण खासगी कंपन्यांनी ते सक्तीने मागू नये, असा निकाल झाला. तो चार विरुद्ध एक असा होता. २०१९ला कायद्यात बदल होऊन बँक आणि सिमकार्डवाल्यांना आपल्या राजीखुशीने आधार घेता येऊ लागलं. ‘राजीखुशीने’ हा शब्द दुकानदाराच्या तोंडून तुम्ही कधी ऐकला आहे का? आम्ही नाही.

मग ऑगस्ट २०२३मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. त्यात कामाचं बरंच आहे. माहिती कशासाठी घेतात ते आधी सांगायचं, आणि ते मराठीतही मागता येतं. चुकलेली माहिती दुरुस्त करून घेता येते, गरज संपल्यावर पुसायला सांगता येते. सरकारला मात्र त्यात मोठ्या सवलती आहेत, आणि तेवढं आम्हाला पटलेलं नाही. आणखी एक. घरगुती, वैयक्तिक वापराला हा कायदा लागत नाही. म्हणजे शेजारणीच्या मोबाईलमध्ये राहिलेल्या त्या पानाच्या फोटोचं काय करायचं, ते आपलं आपणच बघायचं.

व्हॉट्सॲपच्या संदेशाला वाटेत कुलूप असतं हे खरं. पण दोनशे मोबाईलमध्ये पोहोचलेल्या फोटोला कुलूप कसलं? आणि आपण ‘वर’ चढवून ठेवतो म्हणतो, ते ‘वर’ म्हणजे आभाळ नव्हे. तो कोणत्या तरी कंपनीचा संगणक असतो, कुठल्या तरी इमारतीत, तिच्या नियमांवर चालणारा. आजींच्या प्रश्नाचं खरं उत्तर ते.

आमच्या ग्रामसंघाने म्हणून एक जुना संगणक कार्यालयात बसवला. त्यात नेक्स्टक्लाउड नावाची फुकट मिळणारी प्रणाली आहे, गावातल्याच एका शिकणाऱ्या मुलीने ती घालून दिली. वहीच्या पानांचे फोटो आता त्यातच जातात, आणि कार्यालयाच्या वायफायवरच उघडतात. आपल्या जागेवर ठेवलं म्हणजे सगळं निभावलं असं मात्र नाही. पावसाळ्यात वीज गेली, हार्डडिस्क बसली आणि दोन महिन्यांच्या नोंदी कागदाच्या वहीवरून पुन्हा भराव्या लागल्या. तेव्हापासून एक प्रत लोखंडी पेटीत असते. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तीन वस्त्यांतल्या तिघींकडे. आधारची झेरॉक्स वहीला लावणं बंद केलं. लागलंच तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत घेतो, ती आधारच्या संकेतस्थळावरून निघते.

आणि तो फोटो? आम्ही दोघी-तिघी घरोघर गेलो, मोबाईल हातात घेऊन पुसायला लावला. काहींनी हसण्यावारी नेलं, एकीने दोन फेऱ्या मारायला लावल्या. ती बाई चौथ्या बैठकीला आली. थकलेल्या हप्त्यांतला एक भरला, वही आपल्याकडे ओढून घेतली, आणि नोंद नीट झाली का ते बोट ठेवून स्वतः वाचलं.