शिडीचें चित्र आणि दुरुस्तीचा मिस्त्री

कारखान्यांत एखादें यंत्र अकस्मात् थांबलें कीं जी शांतता पसरते, ती मोठी महाग असते. पट्ट्यावरचा माल जागच्या जागीं खोळंबतो, कामगार हातावर हात ठेवून बसतात, आणि सर्वांचे डोळे एकाच माणसाकडे वळतात. तो माणूस म्हणजे देखभाल-दुरुस्तीचा मिस्त्री. यंत्र विकत घेणाऱ्याचें नांव हिशेबाच्या वहींत राहतें, बनविणाऱ्याचें पितळी पाटीवर कोरलें जातें; परंतु तें चालतें ठेवणाऱ्याचें नांव सहसा कोठेंच लिहिलें जात नाहीं. आजच्या कारखान्यांतील यंत्रांचा कारभार ज्या पेटीकडे सोंपविलेला असतो, त्या प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलरचा, म्हणजेच पी. एल. सी.चा, इतिहास पाहूं गेल्यास मात्र ह्या अनामिक माणसाला मानाचें स्थान द्यावें लागतें. ती पेटी घडविली गेली ती त्याच्या अडचणी ध्यानांत घेऊन, आणि तिचा जम बसला तोहि तिनें त्याची भाषा स्वीकारल्यामुळें.

ह्या पेटीचा पूर्वज म्हणजे रिले. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री ह्यानें १८३५ च्या सुमारास विद्युच्चुंबकाच्या साहाय्यानें दुसरा विद्युत्प्रवाह चालू-बंद करण्याची युक्ति दाखविली. वेटोळ्यांतून वीज गेली कीं लोखंडाची पट्टी खेंचली जाते आणि तिच्या टोंकाचे स्पर्शबिंदू एकमेकांस भिडतात. वीज थांबली कीं कमान तिला मागें ओढते. ही युक्ति प्रथम तारायंत्रानें उचलली, मग टेलिफोननें, आणि विसाव्या शतकांत ती कारखान्यांत सर्वत्र रुळली. जाळीचें दार लावलेलें असेल, तेलाचा दाब पुरेसा असेल आणि कामगारानें बटण दाबलें असेल, तरच दाबयंत्र खालीं यावें, अशा अटी रिलेंच्या जुळणीनें पाळल्या जाऊं लागल्या. अटी वाढल्या तसे रिले वाढले. लोखंडी कपाटांतून ते शेंकड्यांनीं ओळीनें बसले आणि त्यांच्या पाठीमागें तारांचें रान माजलें.

ह्या रानांतून वाट काढण्यासाठीं विजेच्या कारागिरांत एक नकाशा रूढ झाला. कागदावर दोन उभ्या रेघा म्हणजे वीजपुरवठ्याच्या दोन तारा, आणि त्यांच्यामध्यें आडव्या ओळी. प्रत्येक ओळींत डावीकडे अटी दाखविणारे स्पर्शबिंदू आणि उजव्या टोंकाला त्या अटी पुऱ्या झाल्यावर जागें होणारें वेटोळें. आकार शिडीसारखा, म्हणून नांवहि शिडीचें चित्र. गणिताची पदवी नसलेला वायरमनहि तें चित्र समोर धरी, मीटर घेऊन एकेका पायरीवर वीज कोठपर्यंत पोंचली तें तपाशी, आणि जेथें ती अडली असेल तेथें बोट ठेवी. कारागिरांची एक अख्खी पिढी ह्या चित्रावर वाढली.

रिले इमानी खरा. पण त्याला आयुष्याची मर्यादा असते. प्रत्येक उघडझांपीबरोबर स्पर्शबिंदूंवर लहानशी ठिणगी पडते, त्यांवर काजळी धरते, धूळ बसते, कमान सैल होते. ह्याहून मोठें संकट बदलाचें होतें. मोटारीच्या कारखान्यांत नवें मॉडेल आलें कीं यंत्रांच्या हालचालींचा क्रम बदले, आणि क्रम बदलला कीं सारें कपाट उसकटून तारा पुन्हां नव्यानें जोडाव्या लागत. त्यांत दिवसचे दिवस जात. कित्येकदां जुनीं कपाटें मोडींत काढणेंच स्वस्त पडे.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यांत जनरल मोटर्स कंपनीच्या हायड्रामॅटिक विभागांत मोटारींचे स्वयंचलित गिअरबॉक्स तयार होत. तेथील अभियंत्यांनीं १९६८ सालीं नव्या नियंत्रकासाठीं मागणीपत्र तयार केलें. त्यांत बिल स्टोन ह्यांचा हात प्रमुख होता. त्या पत्रांतील अटी वाचल्या म्हणजे लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर कोण होतें तें कळून येतें. नियंत्रकाचा प्रोग्रॅम कारखान्यांतच सहज बदलतां यावा. बिघडलेला भाग काढून तेथें दुसरा खोंचला कीं काम भागावें. कारखान्यांतील उष्णता, धूळ नि कंप ह्यांत तो रिलेंपेक्षां अधिक टिकावा आणि जागा कमी व्यापावी. शिवाय नेहमींच्या ११५ व्होल्टच्या विजेवर चालणारे स्विच त्याला थेट जोडतां यावेत. ह्या शेवटच्या अटीमुळें मिस्त्रीची बटणें, त्याच्या तारा आणि त्याचा मीटर ह्यांपैकीं कांहींच टाकाऊ ठरणार नव्हतें.

ह्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यांत बेडफर्ड असोसिएट्स नांवाची एक लहान संस्था ह्याच प्रश्नाशीं झगडत होती. तिचे एक प्रमुख डिक मॉर्ली ह्यांनीं १९६८ च्या पहिल्याच दिवशीं आपल्या कल्पनेचें टिपण लिहून काढलें होतें. त्यांतून जें यंत्र सिद्ध झालें, तें संस्थेचें चौऱ्याऐंशीवें काम असल्यामुळें ०८४ ह्या अंकानें ओळखलें गेलें. त्यासाठीं काढलेल्या कंपनीला मॉडिकॉन हें नांव मिळालें, आणि १९६९ सालीं तें यंत्र जनरल मोटर्सकडे रवाना झालें. त्याला पंखा नव्हता. बाहेरची धूळ आंत ओढली जाऊं नये अशी ती योजना होती.

त्याच काळांत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ह्या नामांकित संगणक-कंपनीनेंहि पी. डी. पी.-१४ नांवाचा नियंत्रक पुढें आणला होता. परंतु त्याचे नियम बीजगणिती समीकरणांच्या रूपांत मांडावे लागत, आणि ते तारांनीं विणलेल्या कायम स्मृतींत गुंफले जात. एक अट बदलायची तरी ती स्मृति नव्यानें विणून घेणें आलें. मॉडिकॉनच्या यंत्रांत मात्र जुनें शिडीचें चित्रच प्रोग्रॅम बनलें. तारा गेल्या, पण चित्र राहिलें. १९७३ च्या सुमारास मायकेल ग्रीनबर्ग ह्यांनीं रचलेला १८४ हा नियंत्रक आला आणि धंद्याचा पाया पक्का झाला. अ‍ॅलन-ब्रॅडली कंपनींत मूळचे ऑस्ट्रियाचे ओडो स्ट्रूगर ह्यांनीं ह्याच मार्गानें मोठें काम केलें, आणि पी. एल. सी. हीं तीन अक्षरें रूढ होण्याचें श्रेयहि त्यांनाच दिलें जातें. ह्या साऱ्या चढाओढींत कारखान्यांनीं निवड केली ती मुख्यतः आपल्या वायरमनला वाचतां येईल अशा यंत्राची.

येथपर्यंतची कथा सोयीची झाली. परंतु ओळखीच्या चेहऱ्याचा माणूस आंतून बदललेला असावा, तसा प्रकार ह्या चित्राच्या बाबतींत झाला होता, आणि म्हणूनच शिक्षणाची गरज उत्पन्न झाली. कपाटांतल्या शिडींत वीज सर्व पायऱ्यांवर एकाच वेळीं वाहते. पी. एल. सी. मात्र एकेक काम क्रमानें करतो. प्रथम तो सर्व स्विचांची स्थिति वाचून घेतो, मग वरून खालीं एकेक पायरी सोडवितो, आणि शेवटीं निकाल बाहेरच्या मोटरी नि झडपा ह्यांना कळवितो. हें चक्र सेकंदाच्या लहानशा अंशांत पुरें होऊन पुन्हां सुरू होतें. दोन चक्रांच्या मध्यें जो स्विच क्षणभर मिटला नि उघडला, तो पी. एल. सी.च्या लेखीं मिटलाच नाहीं!

शिकाऊ उमेदवार जेथें हटकून ठेंचाळतो अशी दुसरी जागा थांबविण्याच्या बटणाची. हें बटण एरवीं मिटलेलें ठेवण्याची पद्धति आहे. तार तुटली तरी यंत्र थांबावें, हा त्यांतील हेतु. आतां प्रोग्रॅममध्यें पाहावें तर त्याच बटणासाठीं उघड्या स्पर्शबिंदूची खूण काढलेली दिसते, आणि उमेदवार गोंधळतो. त्याला समजावून द्यावें लागतें कीं कागदावरची जुनी खूण प्रत्यक्ष स्पर्शबिंदूचें चित्र होती, तर पडद्यावरची खूण हा एक प्रश्न आहे: ह्या तारेवर वीज आहे काय? बटण मिटलेलें आहे, म्हणून वीज आहे. वीज आहे, म्हणून अट पुरी आहे. हा भेद ज्याच्या मनांत ठसला, त्याचें निम्में शिक्षण झालें.

उरलेलें निम्में म्हणजे शोधाची शिस्त. यंत्र अडलें कीं नवख्याचा पहिला संशय नेहमीं त्या गूढ पेटीवर जातो. वस्तुतः पेटी क्वचित् बिघडते. दोष बहुधा बाहेर असतो: तेलानें माखलेला सेन्सर, वांकलेला लिमिट स्विच, घासून तुटलेली तार, उडालेला फ्यूज. असें असतां प्रोग्रॅम चाळीत बसणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं. जाणता शिक्षक म्हणून उलट्या क्रमानें चालावयास शिकवितो. दाबयंत्र खालीं येत नाहीं ना? मग प्रथम त्याच्या झडपेला हुकूम देणाऱ्या कार्डावरचा दिवा पाहावा. दिवा लागलेला असेल तर पेटीनें हुकूम दिला आहे. दोष पुढें तारेंत, फ्यूजमध्यें वा झडपेंत शोधावा. दिवा लागला नसेल तर ती पायरी पडद्यावर काढून कोणती अट अपुरी आहे तें पाहावें, त्या अटीचा स्विच शोधावा, आणि आपल्या पायांनीं त्या स्विचापर्यंत चालत जावें. एका दिव्याच्या साक्षीनें यंत्राचा निम्मा भाग संशयांतून मोकळा होतो. सरावाच्या पाटावर शिक्षक मुद्दाम तार सैल करून ठेवतो, सेन्सर तिरका करतो, आणि हात लावण्यापूर्वीं उमेदवाराकडून आपला तर्क लिहून घेतो. रोग्याची नाडी पाहण्याआधींच औषधाची पुडी बांधणारा वैद्य आणि तर्कावांचून कार्ड बदलणारा मिस्त्री, हे दोघे सारखेच.

ह्या विद्येंत एक धोक्याचें शस्त्रहि आहे. पडद्यावरून एखादी अट बळेंच पुरी झाल्याचें पेटीला सांगतां येतें. स्विच तुटलेला असतां यंत्र चालवून पाहावयास ही सोय उपयोगी. परंतु ती काढून घ्यावयाची राहून गेली, तर उघड्या दारासमोरहि पेटी दार बंद असल्याचेंच मानते, आणि कोणाचा तरी हात यंत्राखालीं सांपडतो. म्हणून बळेंच लादलेल्या अटींची नोंद ठेवणें, वीज तोडून कुलूप लावल्याशिवाय यंत्रांत हात न घालणें आणि प्रोग्रॅमची ताजी प्रत जपून ठेवणें, हे नियम शिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून अंगीं बाणवावे लागतात.

पुढें पी. एल. सी.चा पसारा वाढला. १९९३ सालच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानें त्याच्या पांच भाषांना मान्यता दिली. त्यांत शिडी ही एक राहिली. संगणकशास्त्र शिकलेल्यांना इतर भाषा सोप्या वाटतात, आणि गुंतागुंतीच्या कामांना त्या लागतातहि. परंतु जेथें प्रोग्रॅम परक्या भाषेंत लिहिला गेला, त्याला संकेतशब्दाचें कुलूप पडलें आणि प्रत फक्त यंत्र पुरविणाऱ्याकडे उरली, तेथें रात्रपाळीचा मिस्त्री पुन्हां त्या विणलेल्या स्मृतीच्या काळांत जाऊन पडतो. यंत्र समोर उभें असतें, पण तें वाचण्याचा अधिकार दूर कोणाच्या तरी हातीं असतो.

पडद्यावर सर्वस्वी विसंबण्याचा परिणाम २०१० सालीं जगाला दिसला. त्या वर्षीं स्टक्सनेट हा संगणकी विषाणु उघडकीस आला. इराणांतील नतान्झ येथें युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांवर जे सीमेन्स कंपनीचे पी. एल. सी. होते, त्यांत तो शिरला होता. तो यंत्रांची गति बिघडवी, आणि पडद्यावर मात्र पूर्वीं टिपून ठेवलेले नित्याचे आंकडे दाखवी. यंत्राजवळ जाऊन त्याचा आवाज ऐकणें, कंप हातानें जोखणें, मीटर स्वतः लावून पाहणें, ह्या जुन्या संवयी कालबाह्य झाल्या नाहींत, हाच त्याचा बोध.

१९६८ च्या त्या मागणीपत्रांत नियंत्रक कारखान्यांतल्या माणसालाच सांभाळतां यावा, ही अपेक्षा स्पष्ट होती. त्यानंतर स्मृति वाढली, वेग वाढला, पेट्या लहान झाल्या. ती अपेक्षा मात्र तशीच राहिली आहे. नवी पेटी विकत घेतांना ती रात्रीं दोन वाजतां कोण उघडून वाचणार, हा प्रश्न जो कारखाना आधीं विचारतो आणि त्या माणसाच्या शिक्षणाची तजवीज करतो, त्याचींच यंत्रें दीर्घकाळ चालतात.