बिओग्राफी (आरोहणमार्ग)

बिओग्राफी हा फ्रान्समधील आल्प्स पर्वतात, सेयूझ येथील चुनखडीच्या कड्यावर असलेला क्रीडा प्रस्तरारोहणाचा मार्ग आहे. तो रियलायझेशन या नावानेही ओळखला जातो. सुमारे ३५ मीटर लांबीचा हा मार्ग अमेरिकन प्रस्तरारोहक क्रिस शर्मा यांनी १८ जुलै २००१ रोजी प्रथम पूर्ण केला. ९ए+ ही काठिण्यश्रेणी सर्वमान्य झालेला हा जगातील पहिला मार्ग मानला जातो.

स्थान व स्वरूप

सेयूझ हा डोंगर आग्नेय फ्रान्समधील गॅप शहराजवळ आहे. त्याच्या माथ्याखाली चुनखडीच्या कड्याची लांबलचक भिंत असून तेथे पोहोचण्यासाठी सुमारे तासभर चढण चढावी लागते.

क्रीडा प्रस्तरारोहणात खडकात आधीच बोल्ट बसवलेले असतात. आरोहक चढताना आपला दोर त्यांत अडकवत जातो. दोर व बोल्ट केवळ पडल्यास सुरक्षेसाठी असतात. वर चढण्यासाठी त्यांचा आधार घेता येत नाही. न पडता व दोरावर न विसावता पायथ्यापासून शेवटापर्यंत गेल्यासच आरोहण पूर्ण झाले असे मानतात. या नियमामुळे बिओग्राफी विशेष अवघड ठरतो. त्याचा खालचा लांब टप्पाच ८सी+ श्रेणीचा आहे. त्यानंतर थोडा विसावा मिळतो आणि पुढे मार्गातील सर्वांत कठीण चाली येतात. थकलेल्या हातांनी तेथे पडणाऱ्यास पुन्हा पायथ्यापासून सुरुवात करावी लागते.

इतिहास

फ्रेंच गिर्यारोहक ज्याँ-क्रिस्तोफ लाफाय यांनी १९८९ मध्ये या मार्गावर बोल्ट बसवले. तेव्हा जगात ९ए श्रेणीचा एकही मार्ग चढला गेलेला नव्हता. पहिला ९ए म्हणून प्रसिद्ध असलेला जर्मनीतील अ‍ॅक्शन डिरेक्ट हा मार्ग वोल्फगांग ग्युलिश यांनी १९९१ मध्ये चढला. बिओग्राफीचा केवळ खालचा टप्पा आर्नो पेती यांनी १९९६ मध्ये पूर्ण केला. संपूर्ण मार्ग बोल्ट बसवल्यानंतर बारा वर्षांनी, शर्मा यांच्या अनेक प्रयत्नांनंतर सर झाला.

नावाविषयी मतभेद

फ्रान्समधील प्रथेनुसार मार्गावर बोल्ट बसवणारा त्याला नाव देतो. अमेरिकेत हा मान प्रथम आरोहकाचा असतो. लाफाय यांनी दिलेले नाव बिओग्राफी होते, तर शर्मा यांनी संपूर्ण मार्गाला रियलायझेशन असे नाव दिले. त्यामुळे दोन्ही नावे प्रचलित झाली.

काठिण्यश्रेणी

जर्मनीच्या अलेक्झांडर हुबर यांनी ऑस्ट्रियातील ओपन एअर हा मार्ग १९९६ मध्येच चढला होता व त्याला ९ए श्रेणी दिली होती. अ‍ॅडम ओंद्रा यांनी २००८ मध्ये तो पुन्हा चढल्यावर त्याची श्रेणी ९ए+ असल्याचे मत मांडले. त्यामुळे प्रत्यक्षात पहिला ९ए+ मार्ग ओपन एअर असावा, असेही मानले जाते. बिओग्राफीची श्रेणी मात्र नंतरच्या आरोहकांनी कायम ठेवली.

नंतरची आरोहणे

दुसरे आरोहण फ्रान्सच्या सिल्व्हाँ मिये यांनी २००४ मध्ये केले. जर्मनीच्या अलेक्झांडर मेगोस यांनी २०१४ मध्ये हा मार्ग अवघ्या तीन प्रयत्नांत पूर्ण केला. २४ सप्टेंबर २०१७ रोजी अमेरिकेच्या मार्गो हेस हा मार्ग पूर्ण करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी स्पेनमधील ला रांब्ला हा ९ए+ श्रेणीचा मार्गही चढला होता.