चंद्रावतरणाची बखर

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हां त्याच्या प्रस्तावनेंत बखरींची कसून झडती घेतली. अस्सल पत्रांशीं ताडून पाहतां बखरकारांचे शक, नांवें व प्रसंगांचा क्रम यांत जागोजाग चुका निघाल्या. तेव्हांपासून अस्सल कागद तो प्रमाण व बखर ती संशयित, हा दंडक आमच्याकडील इतिहासाभ्यासकांच्या अंगवळणीं पडला आहे.

हा दंडक, ज्याचे साक्षीदार अद्याप हयात आहेत अशा एका प्रसंगास लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. तो प्रसंग म्हणजे १९६९ च्या जुलै महिन्यांत मनुष्यानें चंद्रावर ठेवलेलें पहिलें पाऊल. साठ कोटींच्या आसपास लोकांनीं तें घडत असतांनाच दूरचित्रवाणीवर पाहिलें, असा अंदाज केला जातो. म्हणजे त्या वेळच्या दर सहा माणसांपैकीं एकानें. आमच्या पिढीस तो योग आला नाहीं. आम्हांस जें ठाऊक आहे तें वडील मंडळींच्या सांगण्यावरून व ग्रंथांवरून.

अपोलो ११ हें यान १६ जुलै रोजीं फ्लॉरिडांतून निघालें. मायकेल कॉलिन्स हे वर चंद्राभोंवतीं प्रदक्षिणा घालीत राहिले आणि नील आर्मस्ट्राँग व बझ ऑल्ड्रिन हे दोघे २० जुलै रोजीं खालीं उतरले. त्या वेळीं न्यू यॉर्कमध्यें दुपारचे सव्वाचार वाजून गेले होते. पाऊल पडलें तें त्यानंतर साडेसहा तासांहून अधिक वेळानें, रात्रीं १० वाजून ५६ मिनिटांनीं. त्या क्षणीं लंडनमध्यें पहाटेचे चार वाजण्यास चार मिनिटें उरलीं होतीं, सिडनींत दुसऱ्या दिवसाची भर दुपार होती आणि आपल्याकडे २१ जुलैच्या सकाळचे ८ वाजून २६ मिनिटें झालीं होतीं.

आतां पाहणारांच्या आठवणी ऐकाव्या. ‘यान उतरतांना आम्हीं पाहिलें’ असें सांगणारा पुष्कळदां भेटतो. परंतु उतरण्याचें प्रत्यक्ष दृश्य त्या दिवशीं कोणाच्याच घरीं आलें नाहीं. पडद्यावर दिसलीं तीं मुद्दाम तयार केलेलीं हलतीं चित्रें व यानाच्या प्रतिकृती. खरा होता तो केवळ आवाज. यानाच्या खिडकींतून फिल्मवर घेतलेलें दृश्य अंतराळवीर २४ जुलै रोजीं परत आल्यावरच जगास पाहावयास मिळालें. दुसरा सांगतो कीं, चकचकीत सोनेरी काचेचें शिरस्त्राण घातलेला आर्मस्ट्राँग त्याच्या डोळ्यांपुढें अजून उभा आहे. तें रंगीत छायाचित्रही मागाहूनच आलेलें. शिवाय त्यांतील पुरुष ऑल्ड्रिन होय. आर्मस्ट्राँग आहे तो त्या काचेंतील इवल्याशा प्रतिबिंबांत, छायाचित्र घेत असलेला. त्या रात्रीं पडद्यावर आलेलें चित्र निव्वळ काळेंपांढरें होतें. पहिल्या वाक्याचाही पाठभेद आहे. ‘एका माणसाचें’ असा अर्थ देणारें एकाक्षरी उपपद आपण योजिलें होतें, असें आर्मस्ट्राँग यांनीं सांगितलें. पण ध्वनिमुद्रणांत तें स्पष्ट ऐकूं येत नाहीं. कोट्यवधि लोकांनीं ऐकलेल्या वाक्याची ही अवस्था, तर बखरकारास दोष तो कोणत्या तोंडानें द्यावा?

मग अस्सल कागदाकडे वळावें. चंद्रावरून येणारें चित्र घरगुती दूरचित्रवाणीच्या जातीचें नव्हतें. वेस्टिंगहाऊस कंपनीनें बनविलेला कॅमेरा सेकंदाला अवघीं दहा चित्रें पाठवी व प्रत्येक चित्र ३२० रेषांचें असे. अमेरिकेंतील घरगुती संचास मात्र सेकंदाला तीस चित्रें व ५२५ रेषा लागत. म्हणून पृथ्वीवरील केंद्रांत तें चित्र एका पडद्यावर उमटवून दुसऱ्या कॅमेऱ्यानें पुनः टिपावें लागे, आणि या नकलेंत मूळचा रेखीवपणा बराच हरपे. कॅमेरा यानांत उलटा बसविलेला असल्यामुळें आरंभीं जगास चित्र खालचें वर दिसलें. प्रथम कॅलिफोर्नियांतील गोल्डस्टोनचें चित्र घेतलें गेलें. पाऊल पडतांना जगानें पाहिलें तें ऑस्ट्रेलियांतील कॅनबेराजवळच्या हनीसकल क्रीक केंद्राचें. आणि थोड्याच मिनिटांनीं पार्क्स येथील चौसष्ट मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीचें चित्र सुरू झालें, तें शेवटपर्यंत चाललें. पार्क्सला त्या दिवशीं ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या वाऱ्याचे झोत त्या दुर्बिणीवर आदळले. तरी तेथील लोकांनीं काम थांबविलें नाहीं.

तात्पर्य, जगानें पाहिली ती नक्कल होती. अस्सल चित्र त्या केंद्रांतील मोजक्या तंत्रज्ञांनीं पाहिलें आणि तें चुंबकीय फितींवर नोंदलें गेलें. त्या फितींचें पुढें काय झालें? शोधाअंतीं २००९ सालीं नासा या संस्थेनें जाहीर केलें कीं, त्या बहुधा पुसून दुसऱ्या कामीं वापरल्या गेल्या. फितींची टंचाई होती व जुन्या फिती पुसून वापरणें हा नित्याचा व्यवहार होता. आज आपण पाहतों तें चित्र ठिकठिकाणीं उरलेल्या प्रक्षेपणाच्या नकलांवरून सुधारून घेतलेलें आहे. ब्रिटनमध्यें बी.बी.सी.नें रात्रभर चालविलेल्या कार्यक्रमाच्याही मूळ फिती राहिल्या नाहींत. गढीवरचें दप्तर शत्रूनें जाळलें म्हणून आपण हळहळतों. येथें तें कारकुनानेंच पाटीप्रमाणें पुसून टाकलें.

अशा स्थितींत राजवाड्यांचा दंडक शब्दशः चालवावयाचा, तर अस्सल कागद हरपलेला आणि बखर अग्राह्य. मग इतिहासकारानें लिहावें तरी कशावरून? आमचें म्हणणें असें कीं, या आठवणी टाकाऊ नव्हेत. त्या निवडून घ्याव्या लागतात. आठवणींतील चंद्र बहुधा उसना असतो, परंतु घर स्वतःचें असतें. चंद्राचीं चित्रें पुढें हजार वेळां छापलीं गेलीं, म्हणून तीं मूळच्या दृश्यावर थर चढवून बसलीं. पण त्या रात्रीं दिवाणखान्यांत कोण कोठें बसलें होतें, शेजारच्या कोणत्या घरीं संच नव्हता म्हणून तेथील मुलें आलीं होतीं, झोपलेल्या पोरांना कोणी उठविलें, आणि कोणत्या आजीनें हें सारें खोटें म्हणून तोंड फिरविलें, याचें चित्र कोणीही छापलें नाहीं. जें छापलेंच गेलें नाहीं तें उसनें घेतां येत नाहीं. सी.बी.एस.चे वॉल्टर क्रॉन्काइट यांचा धंदा बोलण्याचा. परंतु यान टेकल्याचें ऐकतांच त्यांनीं चष्मा काढला व क्षणभर त्यांस शब्द सुचेना. त्या वेळीं पाहण्याजोगें चित्र नव्हतें, केवळ आवाज होता. त्या आवाजानें माणसांस काय केलें, हें चंद्रावरच्या कोणत्याही छायाचित्रावरून कळावयाचें नाहीं.

आपल्याकडे ही निवड अधिकच अवश्य आहे. १९६९ सालीं भारतांत दूरचित्रवाणी होती ती दिल्लीपुरती. उपग्रहाद्वारां संदेश घेणारें पुण्याजवळील आर्वीचें भूकेंद्र १९७१ सालीं सुरू झालें व मुंबईचें दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं. तेव्हां त्या सकाळीं आपण मुंबईंत दूरचित्रवाणीवर पाऊल पाहिलें, असें कोणी वृद्ध गृहस्थ सांगूं लागले, तर ते खोटें बोलतात असें समजूं नये. मागाहून पाहिलेलें चित्र त्यांच्या मनानें त्या सकाळीं नेऊन बसविलेलें असतें. त्यांच्यापाशीं खरें धन आहे तें निराळें: रेडिओची खरखर, हातोहात फिरलेलें वर्तमानपत्र, वर्गांत गुरुजींनीं फळ्यावर काढलेला चंद्र. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ते तिघे अंतराळवीर मुंबईस आले, त्यांस पाहिलेलेंही कोणी असेल.

हा दोष गेल्या पिढीचाच आहे असें मात्र कोणी मानूं नये. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं संध्याकाळीं चंद्रयान-३ उतरलें, तेव्हां आम्ही सर्व पडद्यापुढें बसलों होतों. पडद्यावर होते आंकडे, आलेख व संगणकानें काढलेलें यान. खरीं छायाचित्रें मागाहून आलीं. आणखी तीस वर्षांनीं आम्हीही ‘उतरतांना पाहिलें’ असेंच छातीठोकपणें सांगूं.

१९६९ सालीं दहा वर्षांचीं असलेलीं मुलें आज पासष्टी ओलांडून गेलीं आहेत. त्या वेळचे प्रौढ तर आतां मोजकेच उरले आहेत. ज्यांच्या घरीं असें माणूस असेल त्यांनीं त्याच्याजवळ वही घेऊन बसावें. चंद्रावर काय दिसलें हें त्यास विचारूं नये; तें आपणांस त्याच्याहून अधिक ठाऊक आहे. त्या दिवशीं तो कोठें होता, बातमी कोणी आणली, शेजारीं कोण होतें व तें काय म्हणालें, एवढेंच विचारावें आणि उत्तर त्याच्याच शब्दांत दिनांकासह उतरून ठेवावें. नासाच्या पुसलेल्या फिती परत मिळावयाच्या नाहींत. हा कागद मात्र अजून लिहून घेतां येण्याजोगा आहे.