श्वसनवायूंचे मिश्रण (बहरीन)

श्वसनवायूंचे मिश्रण : स्कूबा पाणबुड्याच्या टाकीत ऑक्सिजन, नायट्रोजन व हेलियम ठरलेल्या प्रमाणात मोजून भरण्याची क्रिया. कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९% असतो. तो वाढवलेल्या मिश्रणाला नायट्रॉक्स म्हणतात. हेलियमही घातला की ट्रायमिक्स.

समुद्रात दर १० मी. खोलीला दाब सुमारे १ बारने वाढतो. शरीर टक्केवारी ओळखत नाही. वायूचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातील त्याचा वाटा, तेवढा ओळखते. ऑक्सिजनचा हा वाटा पोहताना १.४ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा दंडक आहे. तो फार वाढला की पूर्वसूचनेशिवाय आकडी येऊ शकते. पाण्याखाली तोंडात धरलेला श्वसननळीचा मुखभाग सुटला की माणूस बुडतो. दाबाखालील ऑक्सिजनचा विषारीपणा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये दाखवून दिला. १.४ बारच्या मर्यादेमुळे ३२% नायट्रॉक्स ३३ मी.पर्यंत चालतो, ३६% असेल तर २८ मी.पर्यंतच.

बहरीनभोवतीचे आखात उथळ आहे. त्याची सरासरी खोली सुमारे ३५ मी. इथले मोती काढणारे नाकाला चिमटा लावून, दगडाच्या वजनाने एका श्वासावर तळ गाठत. त्यांनी काढलेल्या मोत्यांची मोठी पेठ मुंबईत होती. मुहर्रक शहरातील व्यापाऱ्यांची घरे आणि समुद्रातील शिंपल्यांचे तळ २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. २०१९ मध्ये सुमारे ७० मी. लांबीचे एक जुने बोइंग ७४७ विमान पाणबुड्यांसाठी मुद्दाम समुद्रात बुडवण्यात आले. तिथला तळ २०–२२ मीटरांवर आहे. एवढ्या पाण्यात हेलियमची गरज नाही. नायट्रॉक्स मात्र फार उपयोगी पडतो : ३२% मिश्रणावर २२ मीटरांवर असलेल्या पाणबुड्याच्या अंगात नायट्रोजन हवेवर साडेसतरा मीटरांवर असल्याइतकाच मुरतो, आणि तळाशी जास्त वेळ थांबता येते.

इथे मिश्रण बिघडते ते किनाऱ्यावर, टाक्या भरण्याच्या जागी, उकाड्याने आणि दमटपणाने. ३२ टक्क्यांची २०० बारची टाकी करायची तर रिकाम्या टाकीत आधी सुमारे २८ बार शुद्ध ऑक्सिजन सोडतात आणि वर हवा भरतात. वायू दाबला की तापतो. ऑक्सिजन ३० अंशांना मोजला, हवा भरताना टाकी ५५ अंशांवर गेली आणि काटा २०० वर आला म्हणून भरणे थांबवले, तर थंड झाल्यावर दाब १८५ बारच्या आसपास उतरतो. हवा कमी पडलेली असते, ऑक्सिजन तेवढाच. मिश्रण जवळजवळ ३३% होते. म्हणून घाई न करता टाकी निवू द्यावी, पुन्हा दाब पाहावा आणि मग वरची हवा पुरी करावी. टाकी पाण्याच्या हौदात ठेवल्याने गरमी थोडी उतरते. मूळ उपाय सावकाश भरण्याचाच.

दमटपणाची चूक अधिक फसवी, कारण ती मोजणाऱ्या यंत्रातच शिरते. ऑक्सिजन विश्लेषक वापरण्याआधी हवेवर २०.९ ला जुळवून घेतात. पण ३५ अंश तापमान आणि ७०% आर्द्रता असलेल्या उघड्या हवेत पाण्याची वाफ एवढी असते की ऑक्सिजन प्रत्यक्षात २०.१% च्या आसपास भरतो. तिथे यंत्र २०.९ ला जुळवले, तर टाकीतला कोरडा ३२% वायू ते ३३ च्या वर दाखवते. मिश्रण करणारा मग बरोबर भरलेल्या टाकीत हवा घालून ती बिघडवतो. यंत्र नेहमी टाकीतल्या कोरड्या हवेवर जुळवावे. ही सवय उन्हाळ्यातल्या बहरीनमध्ये इतर कुठल्याही काळजीइतकीच मोलाची आहे.

शुद्ध ऑक्सिजनला आगीचे भय आहे. झडप झटकन उघडली तर आत दाबला गेलेला वायू क्षणात तापतो. नळीत तेलाचा अंश असेल तर तो पेट घेतो. म्हणून ऑक्सिजनची साधने चरबीमुक्त धुतलेली असावी लागतात, आणि कॉम्प्रेसरची हवाही तेलविरहित गाळलेली. ज्यांना शुद्ध ऑक्सिजन हाताळायचा नसतो ते पडद्याची पद्धत वापरतात : पोकळ तंतूंच्या जुडग्यातून हवा जाताना त्यांच्या भिंतींतून ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा लवकर पार होतो, आणि ४०% पर्यंतचे मिश्रण मिळते.

भरलेल्या टाकीवर ऑक्सिजनची टक्केवारी, कमाल खोली, तारीख आणि मोजणाऱ्याची आद्याक्षरे चिकटपट्टीवर लिहितात. टाकी घेऊन पाण्यात उतरणाऱ्याने, भरणाऱ्यावर कितीही विश्वास असला तरी, ती स्वतः मोजून मगच त्या पट्टीवर सही करायची असते.