गोरे सर आणि चवदार तळं

रायगडला ट्रेकला जाणारे आपण महाडला एसटी बदलतो, चहा मारतो आणि पुढे सुटतो. चवदार तळं गावातच आहे, पण फार थोडे तिकडे वळतात. शाळेत 'महाडचा सत्याग्रह, 1927' एवढं पाठ केलेलं असतं, दोन मार्कांपुरतं. पण तो महाडलाच का झाला? हा प्रश्न मला पडला तो समाजकार्याच्या एका प्राध्यापकामुळे. माधव सदाशिव गोरे.

नाव ऐकलं नसेल तर नवल नाही. जन्म 1921 चा. 1962 ते 1982 टाटा समाजविज्ञान संस्थेचे, म्हणजे आपल्या देवनारच्या 'टिस'चे संचालक, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. 1975 साली पद्मभूषण. पीएचडी कोलंबिया विद्यापीठाची (हो, तेच, जिथे बाबासाहेब 1913 ते 1916 शिकले). प्रबंध मात्र दिल्लीकडच्या अगरवाल कुटुंबांवर. शहरात आलं की एकत्र कुटुंब मोडतं असं सगळे धरूनच चालले होते. गोऱ्यांनी घरोघरची माहिती गोळा केली आणि दाखवलं की तसं सरसकट घडत नाही.

आता गंमत बघा. 'टिस' 1936 साली नागपाड्यात सुरू झाली, क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने. साहजिकच अभ्यासक्रमावर अमेरिकेची छाप. अडचणीतला माणूस ओळखा, त्याला परिस्थितीशी जुळवून घ्यायला मदत करा. हे सूत्र महाडला लावून बघा. तळ्यावर गुरं पाणी पितात, अस्पृश्य माणसाला मनाई. त्याने जुळवून कशाशी घ्यायचं?

बरं, कायदा त्याच्या बाजूने होता! सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा सी. के. बोल्यांचा ठराव 1923 साली मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. 1924 साली महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं. कागदावर. आमच्या धंद्याच्या भाषेत फीचर रिलीज झालं, पण वापरायला गेलं की मार पडणार. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांच्या मागोमाग लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले आणि मार पडलाच. वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा पुरली. मग शेण-गोमूत्राने तळ्याची 'शुद्धी'. ऑगस्टमध्ये तर नगरपालिकेने आपला ठरावच फिरवला.

गोऱ्यांचं आंबेडकरांवरचं पुस्तक 1993 चं, 'द सोशल कॉन्टेक्स्ट ऑफ अ‍ॅन आयडियॉलॉजी'. रंजक वगैरे अजिबात नाही, खरं सांगायचं तर जड आहे. पण नाव बघा: विचारधारेचा सामाजिक संदर्भ. विचार एका थोर डोक्यातून आभाळातून पडल्यासारखा येत नाही, त्याखाली जमीन असते. त्या चष्म्यातून महाड बघितलं की एकेक गोष्ट दिसू लागते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, लष्करातले पेन्शनर, 1880 च्या दशकातच अस्पृश्यतेविरुद्ध लिहीत होते. लष्कराने महारांची भरती बंद केली, त्याची चीड होती. कोकणातली माणसं मुंबईच्या गिरण्या-गोद्यांत जाऊन रोख मजुरी घेऊन परतत होती. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे परिषदेसाठी धडपडत होते. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण सोबतीला होते. एवढं सगळं जमलेलं असताना बाबासाहेब तिथे आले. त्यांचं मोठेपण याने तसूभरही कमी होत नाही, उलट ते त्या हजारो लोकांनाही मिळतं.

मला जास्त ओढतो तो गोऱ्यांचा पुस्तकांचा क्रम. ब्राह्मणेतर चळवळ 1989, विठ्ठल रामजी शिंदे 1990, मग आंबेडकर. तिन्ही संचालकपद सोडल्यानंतर, सत्तरीच्या आसपास! त्यातले शिंदे म्हणजे सेवेचा रस्ता: 1906 सालचं डिप्रेस्ड क्लासेस मिशन, शाळा, वसतिगृहं. आंबेडकर म्हणजे हक्काचा. आयुष्यभर समाजसेवक घडवणाऱ्या माणसाने शिंद्यांवर न थांबता पुढे जावं, हे मला साधं वाटत नाही.

डिसेंबरात पुन्हा लोक जमले, या वेळी हजारोंनी. कोर्टाचा मनाई हुकूम आडवा आला. परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली दिली. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली, तळ्यावर जाणं मात्र थांबवलं. दावा चालत राहिला. हायकोर्टाचा निकाल बाजूने लागला तो 17 मार्च 1937 ला.